टेनिस मॅचवर लावायला पॉलीमार्केट, काल्शी की बेटफेअर? परभणीतून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न परभणीच्या एका पोराचा आहे, थोडक्यात असा: "दादा, क्रिकेटमध्ये मला फार रस नाही पण टेनिस लहानपणापासून बघतो, सिन्नर-अल्काराझची मॅच असली की माझा अंदाज बहुतेक बरोबर येतो. पॉलीमार्केट, काल्शी आणि बेटफेअर, या ऑनलाइन ठिकाणांत मॅचवर पैसे लावायला बेस्ट कोणतं? एक मित्र रुपयांचे यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो चलन) करून देतो म्हणायलाय, दुसऱ्याच्या ओळखीचा एकजण व्हॉट्सॲपवर बेटिंगची आयडी देतो."

मी काही वर्षं पुण्यात बसून एका परदेशी कंपनीसाठी टेनिसचे लाइव्ह भाव सांभाळायचं काम केलंय, म्हणजे पॉइंट पडला की भाव कुठं न्यायचा हे बघायचं. आता लातूरला असतो आणि डेटाचंच काम करतो. त्यामुळं थोडं लांबण लावून सांगतो, चहा घेऊन बस.

भाऊ, तू विचारलंस बेस्ट कोणतं, पण खरी अडचण वेगळी आहे. एकाच मॅचचा एकाच खेळाडूचा ६० चा, म्हणजे जिंकायची शक्यता ६० टक्के धरलेला, भाव तुला तिन्हीकडं दिसला तरी ते तीन वेगळे सौदे असतात. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेला माणूस फळ्यावरचा भाव बघून खुश होत नाही, तो पट्टी बघतो, ओलावा किती धरला, हमाली-तोलाई किती कापली आणि पैसे आज हातात पडणार का पुढच्या आठवड्यात. इथं बी तसंच, भाव सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो, फरक पट्टीत आहे. आणि ही पट्टी तू कुठं राहतोस यावर पण बदलते, लंडनमध्ये राहणाऱ्याला मी एक सांगेन, अमेरिकेत नोकरीला गेलेल्या तुझ्या मावसभावाला दुसरं, आणि परभणीत बसलेल्या तुला तिसरंच.

आधी ही तिघं आहेत काय ते बघू, पटकन. बेटफेअर २००० साली लंडनमध्ये सुरू झालं, तिथं एक्स्चेंजवर भाव कंपनी ठरवत नाही, एक खेळणारा लावतो आणि दुसरा खातो, आपल्याकडं बुकी लोकांची लगाई-खाई ऐकली असशील तोच प्रकार फक्त स्क्रीनवर. कंपनी जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यातून कमिशन घेते. काल्शी अमेरिकेतलं, तिथल्या वायदे बाजाराच्या नियामकानं, म्हणजे सीएफटीसीनं, २०२० मध्ये मान्यता दिलेलं एक्स्चेंज, आणि खेळांचे सौदे त्यांनी २०२५ च्या सुरुवातीला आणले. एक कॉन्ट्रॅक्ट जिंकलं तर १ डॉलर, हरलं तर शून्य, मधला भाव सेंटमध्ये, म्हणून ६० सेंट म्हणजे बाजाराच्या मते साधारण ६० टक्के. पॉलीमार्केट पण २०२० चंच, हिशोब तसाच १ डॉलरचा, पण ते पॉलीगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर उभं राहिलं आणि पैसा यूएसडीसी या तसल्याच डॉलरला बांधलेल्या पण वेगळ्या टोकनमध्ये. तुझा मित्र यूएसडीटी देणार, म्हणजे मधे अजून एक बदली आलीच. सीएफटीसीनं त्यांना जानेवारी २०२२ मध्ये १४ लाख डॉलरचा दंड ठोकला होता, मग २०२५ मध्ये त्यांनी परवाना असलेलं एक छोटं एक्स्चेंज ११.२ कोटी डॉलरला विकत घेऊन अमेरिकेत परत शिरायची वाट केली. एवढं पुरे.

आता महत्त्वाचं. टेनिसमध्ये प्लॅटफॉर्मची तुलना करायची तर मी सगळ्यात आधी रिटायरमेंटचा नियम उघडतो, भाव नंतर. कारण टेनिसमध्ये खेळाडू मधेच मॅच सोडतो हे काही कधीतरी होणारं नाही, कंबर धरली, पाय मुरगळला, उन्हानं चक्कर आली, चाललंच असतं.

विम्बल्डन २०२५, चौथी फेरी, सिन्नर विरुद्ध दिमित्रोव. दिमित्रोवनं ६-३, ७-५ असे दोन सेट घेतले होते, तिसऱ्यात २-२, सिन्नरचं स्वतःचं कोपर दुखायलंय, आणि सर्व्ह करताना दिमित्रोवच्या छातीचा स्नायू गेला. खाली बसला, मॅच सोडली, सिन्नर पुढच्या फेरीत आणि नंतर चॅम्पियन पण. आता समज तू मॅचच्या आधी दिमित्रोववर लावलेले आहेत. ज्या ठिकाणी नियम आहे की मॅच पूर्ण झाली तरच सौदा धरायचा, तिथं तुझे पैसे जसेच्या तसे परत. ज्या ठिकाणी एक सेट पूर्ण झाला की पुढं जाणारा तो विजेता, तिथं तुझे पूर्ण पैसे गेले, बेटफेअर एक्स्चेंजवर मॅचच्या निकालाला हाच नियम आहे. आणि ज्या ठिकाणी पहिला पॉइंट खेळला की झालं, तिथं पण गेले. आता उलटं बघ, हीच दुखापत पहिल्या सेटमध्ये ४-१ असताना झाली असती तर एक सेटवाल्याकडं सगळं रद्द आणि एक पॉइंटवाल्याकडं तू हरला. मॅच तीच, खेळाडू तोच, तुझा अंदाज तोच, आणि नियम बदलला की निकाल वेगळा. मग सांग, भाव ६० दिसला का ६१ याला काय अर्थ राहिला.

काल्शी आणि पॉलीमार्केटवर हा नियम प्रत्येक मार्केटच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो आणि तो त्या मार्केटपुरता असतो. मॅच सुरूच झाली नाही, वॉकओव्हर मिळाला, पावसानं पुढं गेली, यांचं काय करायचं ते पण तिथंच. शीर्षक वाचून सौदा करायचा नाही, ते शीर्षक फक्त दुकानाची पाटी आहे असं समज, बंधनकारक ते खालचं.

निकाल ठरवतं कोण, हा पण प्रश्न याच्याच पोटातला. पॉलीमार्केटनं बऱ्याच मार्केटना यूएमए नावाची व्यवस्था वापरली आहे, कोणीतरी डिपॉझिट ठेवून निकाल मांडतं, ठराविक वेळेत हरकत आली नाही तर तो पक्का, भांडण वाढलं तर यूएमएचं टोकन धरणाऱ्यांचं मतदान. टेनिसमध्ये स्कोअर सरळ असतो म्हणून सहसा भानगड होत नाही, पण रिटायरमेंट आणि डिसक्वालिफिकेशनला नियमाची भाषा ढिली असली की होऊ शकते. बेटफेअरकडं कंपनीच मालक. २००७ मध्ये पोलंडच्या सोपोटला दाविदेन्को, तेव्हा जगात चौथा, अर्जेंटिनाच्या बऱ्याच खालच्या नंबरच्या खेळाडूशी खेळत होता, पहिला सेट त्यानंच ६-२ जिंकला तरी बाजारात पैसा उलटा त्याच्या विरोधात येत राहिला, तिसऱ्या सेटमध्ये पायाच्या दुखापतीनं त्यानं मॅच सोडली, आणि बेटफेअरनं त्या मॅचचे सगळे सौदे रद्द केले. चौकशी चालली, २००८ मध्ये त्याच्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून एटीपीनं, म्हणजे पुरुष टेनिसच्या संघटनेनं, विषय संपवला. टेनिसमधल्या फिक्सिंगवर नजर ठेवायला वेगळी यंत्रणा उभी राहिली ती पण याच सुमारास. यात मला सांगायचं एवढंच की सौदा रद्द करायची किल्ली कुणाच्या हातात आहे हे पैसे टाकायच्या आधी माहीत पाहिजे.

आता कापणी किती होते ते. बरोबरीची मॅच धर, ५०-५०, आणि तू ५० डॉलर लावतोस. साधा बुकमेकर दोन्ही बाजूला १.९० देतो, म्हणजे जिंकला तर ४५ मिळणार, हरला तर ५० जाणार, सरासरी दर सौद्याला अडीच डॉलर त्याच्या खिशात. एक्स्चेंजवर २.०० चा भाव मिळाला आणि कमिशन ५ टक्के धरलं तर जिंकल्यावर ५० मधून अडीच जातात, हरल्यावर काही नाही, म्हणून सरासरी सव्वा डॉलर. काल्शीनं जाहीर केलेलं फीचं सूत्र असं: ०.०७ गुणिले कॉन्ट्रॅक्टची संख्या, गुणिले भाव, गुणिले एक वजा भाव. ५० सेंटला १०० कॉन्ट्रॅक्ट घेतले तर १.७५ डॉलर, आणि ही फी घेतानाच कापली जाते, जिंको की हरो. याच सूत्रात भाव ९० झाला की फी ६३ सेंटवर येते, म्हणजे मधल्या भावाला सगळ्यात महाग. पॉलीमार्केट बरीच वर्षं बहुतेक मार्केटना फी न घेता चाललं म्हणून लोक त्याला स्वस्त म्हणतात, पण फीचे तक्ते सगळ्यांचेच बदलत असतात, त्या दिवशीचा तक्ता बघायचा.

पण फीपेक्षा मोठा खड्डा स्प्रेडचा, म्हणजे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातल्या अंतराचा असतो आणि तो कुठल्याच जाहिरातीत नाही. ग्रँड स्लॅमच्या फायनलला समज ६१ ला घेणारा बसलाय आणि ६२ ला विकणारा, फरक एकाचा, चालतंय. तीच एखाद्या चॅलेंजर, म्हणजे खालच्या पातळीच्या स्पर्धेतल्या मॅचची ऑर्डर बुक (घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांची यादी) उघड, ५५ ला घेणारा, ६६ ला विकणारा, आणि तिथं पण शंभर-दोनशे डॉलरचाच माल. ६६ ला घेतलं आणि दोन मिनिटांनी मन बदललं तर ५५ ला विकायचं, काहीही न होता सहावा हिस्सा गेला. म्हणून कोणी म्हणलं की अमुक प्लॅटफॉर्मवर रोज शेकडो टेनिस मॅच असतात तर मी विचारतो, हौ, पण माल किती आहे? मोठ्या मॅचला बेटफेअरवर टेनिसचा पैसा जुन्या काळापासून मुरलेला आहे, नव्या दोघांकडं गर्दी मोठ्या नावांभोवती जास्त.

आता मॅच बघत बघत लावणं. हे तर सोडूनच दे. चेअर अंपायर खुर्चीवर बसून हातातल्या मशीनवर पॉइंट दाबतो, तो डेटा कंपन्यांकडून थेट भाव लावणाऱ्यांकडं जातो, आणि तुझ्या मोबाइलवरचं स्ट्रीमिंग त्याच्या कितीतरी सेकंद मागं असतं. आमच्या डेस्कवर तर स्क्रीनवर बॉल टॉस व्हायच्या आधी पॉइंटचा निकाल आलेला असायचा. स्टेडियममध्ये बसून फोनवर पॉइंट कळवणारी माणसं याच फरकावर पोट भरतात, त्याला कोर्टसाइडिंग म्हणतात आणि पकडलं तर आयोजक बाहेर काढतात. बेटफेअर लाइव्ह सौद्याला मुद्दाम काही सेकंद उशीर लावतं ते यासाठीच. तू ब्रेक पॉइंट बघून बटण दाबशील तेव्हा समोर जो तुला तो भाव द्यायलाय, त्याला पॉइंट कुणाचा झाला हे माहीत आहे.

आणि आता "अंदाज बरोबर येतो" याच्याबद्दल. सिन्नर जिंकणार हे सांगायला काय लागतं, तो बहुतेक जिंकतोच. भाव ९० असताना घेतलास तर जिंकल्यावर १० मिळतात आणि हरल्यावर ९० जातात, म्हणजे दहात नऊ वेळा बरोबर येऊन पण तू जागच्या जागी, वर फी. तुला बाजारापेक्षा जास्त कळतं का हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर "मी ओळखलं होतं" यातून मिळत नाही.

टेनिसमध्ये भाव एवढे का उडतात ते पण समजून घे. सर्व्हवर दर पॉइंट जिंकायची शक्यता ६० टक्के असेल तर गेम राखायची शक्यता ७४ च्या जवळ जाते, ६५ असेल तर ८३. पाच टक्क्यांचा फरक गेममध्ये नऊचा होतो, सेटमध्ये अजून फुगतो. म्हणून गवतावर आणि क्लेवर तोच खेळाडू वेगळा माणूस वाटतो. २०१९ ची विम्बल्डन फायनल आठव, फेडरर पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ वर सर्व्ह करत होता. त्याचा सर्व्हचा पॉइंट ६५ टक्के धरून हिशोब केला तर तो गेमच ९७ टक्के त्याचा, मॅच ९८ च्या आसपास. जोकोविच जिंकला, आणि पूर्ण मॅचमध्ये पॉइंट मात्र फेडररचे जास्त होते, २१८ विरुद्ध २०४. २०२५ च्या फ्रेंच ओपन फायनलला अल्काराझ चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४० वर होता, तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून ५ तास २९ मिनिटांनी तोच जिंकला. ९८ ला घेऊन दोन सेंट कमावणारे लोक अशा रात्री झोपत नाहीत. त्यात मॉडेल चुकलं असं पण नाही, ९८ म्हणजे पन्नासात एकदा असं होणारच.

आता परभणीची पट्टी, इथं मी स्पष्ट बोलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून पैसे मिळवायच्या आशेनं खेळायचा ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत, आणि पैशाची देवाणघेवाण करून देणारी बँक किंवा पेमेंट कंपनी पण कात्रीत. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, हे खरंय, आणि तुझा मित्र एवढंच वाक्य धरून बसला असेल. राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा वेगळाच आहे. प्रोबोसारख्या ओपिनियन ट्रेडिंगवाल्यांनी, म्हणजे अमुक घडेल की नाही यावर पैसे लावून घेणाऱ्या ॲपवाल्यांनी, या कायद्यानंतर पैशाचा खेळ बंद केला, आणि सेबीनं तर त्याआधीच, एप्रिल २०२५ मध्ये, सांगून ठेवलं होतं की हे प्रकार आमच्या कक्षेत येत नाहीत, तिथं गुंतवणूकदाराला मिळणारं संरक्षण नाही.

शिक्षा नाही म्हणजे अडचण नाही असं नाही ना. तू जिंकलास असं धरू. पैसे परत आणायचे कसे? यूएसडीसी विकणार पी-टू-पी वर, समोरचा अनोळखी माणूस तुझ्या खात्यात रुपये टाकणार. ते रुपये कुठल्या सायबर फसवणुकीतून फिरून आले असतील तर दुसऱ्या कुठल्या राज्यातली पोलिस तक्रार तुझ्या खात्यापर्यंत येते आणि बँक रक्कम गोठवते, खात्यावर लीन लागलं म्हणतात ते हेच. मग परभणीहून तिकडच्या ठाण्याला मेल, फोन, वकील, आणि त्यांना काय सांगणार, पैसे कशाचे होते? टेनिसचे? वर क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि विकताना १ टक्का टीडीएस, ऑनलाइन गेममधल्या कमाईवर पण ३० टक्के. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण कुठून आहोत ते लपवून, खातं काढलं असेल तर तिकडची कंपनी केवायसी मागून पैसे अडवू शकते, कारण नियम तूच मोडलेला, तक्रार कुणाकडं करणार.

आयडीवाल्याचं तर विचारूच नको. ती आयडी म्हणजे बेटफेअर नव्हे, बेटफेअरसारखा दिसणारा एक पॅनल असतो, भाव कुठूनतरी उचललेले, तुझे पॉइंट म्हणजे एजंटच्या मोबाइलमधला एक आकडा. छोटे पैसे झटपट देतो, म्हणून विश्वास बसतो, मोठे जिंकले की आयडी बंद आणि डीपी गायब. रिटायरमेंटचा नियम काय म्हणून विचारून बघ त्याला एकदा, काय म्हणतो ते मला पण सांग.

म्हणून माझं उत्तर असं: लंडनमध्ये असतास तर मोठ्या मॅचला बेटफेअर एक्स्चेंज, कारण माल खोल, नियम जुना आणि हरलास तर कमिशन नाही. अमेरिकेत असतास तर काल्शीचा नियम वाचून, मधल्या भावाची फी लक्षात ठेवून. परभणीत असल्यावर तिन्हींपैकी कुठंच पैसे टाकू नको, पण तिन्हींचे भाव फुकट वाचायला मिळत असतील तर वाच, कारण अभ्यासाला तेवढे भाव पुरेसे आहेत. मॅनिफोल्ड नावाचं एक ठिकाण आहे, तिथं माना नावाचं खेळण्यातलं चलन चालतं, फुकट मिळतं त्यावर अंदाज मांडता येतो, पैशाची आशा नाही म्हणून डोकं पण थंड राहतं.

त्यापेक्षा मला एक्सेल शीट जास्त आवडते. मॅचच्या आधी, भाव बघायच्या आधी, स्वतःची टक्केवारी लिही. मग बाजाराचा भाव लिही, घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा दोन्ही, आणि मधला काढ. मॅच झाली की तुझी टक्केवारी आणि निकाल यातला फरक घेऊन वर्ग कर, जिंकला तर १, हरला तर ०. म्हणजे तू ७० म्हणालास आणि तो जिंकला तर ०.०९, हरला तर ०.४९. याला ब्रायर स्कोअर म्हणतात, जेवढा कमी तेवढा चांगला, डोळे झाकून सगळीकडं ५० लिहिणाऱ्याचा ०.२५ येतो. हेच गणित बाजाराच्या भावाचं पण शेजारच्या कॉलममध्ये मांड. दहा-वीस मॅचवर काही कळत नाही, दोनशेच्या पुढं गेलास आणि तुझी सरासरी बाजारापेक्षा कमी राहिली तर खरंच तुला काहीतरी दिसायलंय. माझ्या बघण्यातले बहुतेक हुशार लोक बाजाराच्या थोडे मागंच राहतात, आणि टेनिस ज्यांना मनापासून आवडतं ते जास्त मागं, कारण आवडत्या खेळाडूला पाच टक्के हळूच वाढवून देतात. फेडररवाल्यांचा तर हमखास हा प्रॉब्लेम होता.

शीटमध्ये सर्फेसचा, म्हणजे कोर्ट गवताचं की क्लेचं याचा, एक कॉलम ठेव, आणि एक रिटायरमेंटचा, जेणेकरून अधुऱ्या मॅच नंतर वेगळ्या काढता येतील. सुरुवातीला चॅलेंजरच्या मॅच घेऊ नको, तिथं ५५-६६ असा भाव असतो, मधला ६०.५ काढून तू कुणाशी तुलना करणार, तो भाव कुणी दिलेलाच नसतो.